चौपन्नात चार

४ फेब्रुवारी, बुधवार

सरासरी माणसाला दोनपेक्षा कमी पाय असतात! आज रेडिओवर हे वाक्य टाकलं आणि मुद्दाम गप्प बसलो. काचेपलीकडे निर्मातीबाईंचा चहाचा कप हवेतच. मग सावकाश उलगडलं — काहींना एकच पाय असतो, काहींना एकही नसतो, तीन मात्र कुणालाच नसतात. सगळे पाय मिळवा, माणसांनी भागा. उत्तर दोनच्या किंचित खाली! म्हणजे आपण जवळजवळ सगळेच सरासरीपेक्षा जास्त पायांचे. उगाच स्वतःला कमी लेखू नये.

एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना एक पाय नाही. म्हणाले, सरासरी खाली आणायला आपलाही हातभार लागतो हे ऐकून बरं वाटलं. शाळेत जन्मभर गणित शिकवलं, एक पोरगं असं कधी बोललं नाही. निवृत्तीनंतर ही पाच मिनिटांची ‘आकड्यांची गंमत’ मिळाली आणि माझं नशीब उघडलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आणि डोकी? सरासरी माणसाला किती?"

म्हटलं, "एक."

"मग तुझं कुठे असतं?"

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात पैसे द्यायला तीन रांगा. आपली सोडून बाकी दोन्ही भराभर पुढे! लोक नशिबाला बोल लावतात. नशीब कसलं डोंबलाचं — तीन रांगांत आपली सगळ्यांत वेगवान असण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा शेजारच्यांपैकी कुणीतरी पुढे जाणारच. हे हिला समजावत होतो तर ही खालच्या फळीवर, धुण्याच्या पावडरीच्या पाकिटांवर टेकलेली! म्हणाली, दमायला झालंय.

म्हटलं, वाट पाहण्याचा थकवा शरीराचा नसतो, मनाचा असतो. 

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजे! पुढच्या बुधवारचा विषय मिळाला. सकाळी दिवे गेलेले, खणात काळे आणि तपकिरी मोजे एकत्र. न बघता किती उचलले म्हणजे एक जोडी नक्की जमेल? लोक म्हणतील दहा, वीस. तीन! रंग दोनच, मग तिसरा मोजा कुणाशी तरी जुळल्याशिवाय जातो कुठे? मी तीन मोजे हातात घेऊन उभा, अंधारात एकटाच खूश. तेवढ्यात ही मागून आली — "अरे, ऐक ना जरा —" म्हटलं थांब, आधी हे ऐक. सगळं ऐकलं बिचारीनं. मग म्हटलं, हं, बोल आता. म्हणाली, "काही नाही. राहू दे."

नळाचं असणार. बेसिनचा नळ गळतो असं मागे कधीतरी म्हणाली होती. बघायला हवा.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही पट्ट्याला नवीन भोक पाडत होती. ही चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथला तो बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन. पट्टा सैल झाला म्हणे. मी आनंदानं खुर्ची ओढली. म्हटलं, यात नवल काही नाही. कुठलाही आकडा एकदा फार वर गेला की पुढच्या वेळी सरासरीच्या बाजूला सरकतो. पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारा दुसरीत थोडा उतरतो — माजला म्हणून नाही, गणितच तसं असतं. थंडीत तुझं वजन वाढलं होतं, आता ते आपल्या जागेवर येतंय.

"मग जागेवर आलं की थांबेल ना?" म्हणाली.

म्हटलं, थांबणारच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फजिती!

विषय वाढदिवसांचा. कुठलीही तेवीस माणसं एकत्र आणा, त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. कुणाला पटत नाही, म्हणून निर्मातीबाईंनी प्रत्यक्ष प्रयोगच ठेवला. तंत्रज्ञ, झाडूवाली, दारावरचा रखवालदार, बातम्यांची मुलगी, सगळे धरून मोजून तेवीस. एकेकानं तारीख सांगितली. एकही जोडी नाही! थेट प्रक्षेपणात!

मी म्हटलं, निम्म्याहून जास्त म्हणजे नक्की नव्हे. रखवालदार म्हणाला, "मग मला जिन्यावरून वर कशाला बोलावलंत?"

ही घरी ऐकत होती. बरीच हसली. मग पोटाला हात लावून बसली. म्हणाली, फार हसले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना आरोग्य खात्याकडून आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची डबी आली आहे. त्यात काय भरून पाठवायचं ते लिहीत नाही — वहीलाही अब्रू आहे. डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधतात म्हणे. दोघांच्या डब्या एकाच वेळी टपालात टाकल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, जोडीनं करायचं एवढंच राहिलं होतं!

३ मार्च, मंगळवार

माझी स्वच्छ. हिची नाही.

ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पत्र हातात घेऊन बसली होती. ‘पुढील तपासणी आवश्यक.’ गॅसवर दूध उतू गेलेलं, तरी उठली नाही. पण आपल्याजवळ गणित आहे! पाकीट उलटं केलं, पेन्सिल घेतली, शेजारी बसलो.

समज, एक हजार माणसं. पत्रकात आकडे होते, मी ते हिशेबापुरते गोल केले. हजारांत खरे आजारी पाच. चाचणी त्यांतले चार पकडते. उरलेले नऊशे पंच्याण्णव धडधाकट, पण त्यांतल्या साधारण पन्नास जणांनाही ती चुकून ‘आवश्यक’ म्हणते. म्हणजे असं पत्र येणारी माणसं चौपन्न. त्यांत खरे आजारी चार! साडेतेरांत एक! बाकीचे सगळे उगाच दूध उतू घालवत बसलेले.

हिनं पाकीट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. "मग जायला नको?" म्हणाली.

"जायचं. पण घाबरायचं नाही."

हिच्या चेहऱ्यावर रंग आला. खरंच आला. गणितानं कुणाचा चेहरा असा खुललेला मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

४ मार्च, बुधवार

चौपन्नात चार — रेडिओवर सांगितलं. नाव अर्थातच नाही. ‘समजा एक बाई आहे’ अशी सुरुवात केली. फोनवर फोन! निर्मातीबाई म्हणाल्या, आजवरचा सगळ्यांत छान भाग.

ही म्हणाली, "तुझी ती ‘समजा एक बाई’ आवडली मला. किती शांत होती."

५ मार्च, गुरुवार

दवाखान्यातून फोन. दुर्बिणीच्या तपासणीसाठी कुणीतरी नाव काढून घेतलंय, येत्या बुधवारी सकाळी जागा आहे, येता का? बुधवार म्हणजे रेडिओ! साडेतेरांत एकासाठी इतकी धावपळ कशाला? म्हटलं, रांगेप्रमाणे येईल ती तारीख द्या. २ एप्रिल मिळाली. हीही म्हणाली, चालेल.

मेव्हणीला कळलं. हिची धाकटी बहीण, बोलायला फटकळ. फोनवर म्हणाली, "भावोजी, तुमचा रेडिओ बुडत होता का?" तिलाही चौपन्नात चार समजावू लागलो तर फोन ठेवून दिला. पूर्वी माझ्याच वर्गात होती. तेव्हाही काठावरच पास व्हायची.

११ मार्च, बुधवार

आजचा विषय — आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. खरंच असतात! ज्याच्या ओळखी फार, तो पुष्कळ जणांच्या यादीत सापडतो, म्हणून आपल्याही यादीत असतो. छान रंगवलं.

घड्याळात अकरा वाजले तेव्हा मनात आलं, गेलो असतो तर आत्ता तपासणी होऊन बाहेर आलो असतो. विचार झटकून टाकला.

१९ मार्च, गुरुवार

बसथांब्यावर उगाचच माणसं मोजली. तेरा. साडेतेरांत एक हे कागदावर किती लांबचं वाटतं! तेरा चेहरे समोर उभे असले की लांबचं वाटत नाही. एका म्हाताऱ्याच्या हातात फुलकोबी, एक मुलगी शिंकतेय, एक बाई हिच्यासारखाच निळा कोट घालून. त्या बाईकडे बघवेना. बस सोडली, चालत घरी आलो.

२२ मार्च, रविवार

पाना घेऊन बेसिनखाली शिरलो. नळ गळतच नाही! हिला विचारलं, कधी थांबला? म्हणाली, "तो कधीच गळत नव्हता."

मग त्या दिवशी मोज्यांच्या वेळी काय सांगायचं होतं? विचारलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "आता काय त्याचं," म्हणाली. पट्ट्याला आणखी एक भोक दिसलं. बोलायला गणित सुचेना.

२ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाई तरुण. चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. दुर्बिणीआधी चार प्रश्न विचारायचे असतात म्हणाल्या. पहिलाच प्रश्न, "काही त्रास?"

"काहीच नाही," मी म्हटलं. पाकीट माझ्या खिशात होतं. गरज पडली तर डॉक्टरीणबाईंना दाखवावं असा विचार होता. होय, इतका मी मूर्ख!

"आहे," ही म्हणाली.

आणि मग सांगत गेली. थंडीपासून पोटात कळ येते. थकवा. वजन उतरतंय. रक्तही दिसलं होतं, दोनदा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. अगदी शांतपणे सांगत होती, दुकानात गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगावा तशी. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

माझे हजार तिथल्या तिथे कोसळले. ते हजार होते कुठलीही तक्रार नसलेल्या माणसांचे! डबी अशांसाठीच असते. ही त्यांच्यात कधी नव्हतीच. वर्गात ओरडून ओरडून शिकवलं — गणित मांडण्याआधी विचारा, कोणाचं मांडताय? आणि घरात पाकिटाच्या पाठीवर मांडताना हिला एक शब्द विचारला नाही. मेव्हणी काठावर पास व्हायची, मी तर सपशेल नापास.

आत काहीतरी सापडलं. तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

परतताना बसमध्ये विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सुरुवात केली होती रे. तू मोज्यांचं सांगत होतास."

"नंतर तरी?"

म्हणाली, "नंतर तू पाकिटावर लिहून दाखवलंस ना, इतकं छान समजावलंस, की मला वाटलं मी त्यांतलीच. पन्नासांतली. मला व्हायचंच होतं त्यांतली." मग माझा हात हातात घेतला. माझा! समजूत कुणी कुणाची काढायची!

बसमध्ये रडलो. समोरच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

८ एप्रिल, बुधवार

रेडिओवर गेलो. सांगितलं की चौपन्नात चारचं गणित फक्त कसलाही त्रास नसलेल्या माणसांसाठी. ज्यांना त्रास होतोय त्यांनी ते विसरावं, आधी डॉक्टरांना त्रास सांगावा, मिळेल ती पहिली तारीख घ्यावी. आणि घरातल्या कुणाला काही सांगायचं असेल तर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं. एवढं बोलून झालं तेव्हा जेमतेम एक मिनिट गेलं होतं. पुढे काही सुचेना. उरलेला वेळ त्यांनी सतार लावली.

निर्मातीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आज गंमत कुठे होती?"

११ एप्रिल, शनिवार

रिपोर्ट आला. आहे.

मंगळवारी शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई पुढचे टक्के सांगायला लागल्या होत्या. ही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, राहू द्या.

आतून हाक आली. "अरे, ऐक ना जरा —"

आलो.