सगळ्यांच्या वतीने

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाजींनी गुडघा बरा होईपर्यंत शाळेचे जिने चढू नयेत, हे तूच सांग. मी सांगितलं तर मेहुणा मुख्याध्यापकांना शिकवायला निघाला, असं व्हायचं.

इथे विचित्र प्रकार चाललाय. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू द्यावं का, यावर समितीची सुनावणी आमच्याच शहरात आहे. गल्लीत जो तो न्यायाधीश झालाय. मला कुणी काही बोलत नाही. फक्त गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकलेली घड्याळं परत न्यायला येतात. अजून झालं नाही म्हटलं, तर तसंच द्या म्हणतात. काल समोरच्या औषधवाल्याने भिंतीवरचं घड्याळ उघडंच नेलं, सुटे भाग रुमालात बांधून. चाळीसातली नऊ उरलीत. दुकान इतकं गप्प कधीच नव्हतं.

शिंपी मात्र म्हणतो, कायदा झाला की पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहायचं. अकरा वर्षं आम्ही वरच्या दोन खोल्यांत एकत्र राहतोय, तरी गेल्या महिन्यात त्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मला दारातच अडवलं. तुम्ही त्यांचे कोण, असं विचारलं. मी म्हटलं, शेजारी. त्याची लाज अजून जात नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घड्याळांचं वाचलं. बरं झालं, मी आधीच एक काम करून ठेवलंय.

परवा शाळेच्या मंडळाची माणसं या लग्नांच्या कायद्याविरुद्ध हरकतीचे कागद घेऊन घरी आली. ह्यांनी सही केली, मग कागद माझ्यापुढे. सचिव हसत म्हणाला की तुमचे बंधू तिकडेच असतात ना, अजून लग्न नाही म्हणे. ते हसणं मला बरं वाटलं नाही. बाबा गेल्यापासून आपल्या घरच्या प्रत्येक कागदावर सगळ्यांच्या वतीने मीच सही करत आले. तुझ्या शाळेचे अर्ज, आईच्या ऑपरेशनची संमती, सगळं. हात त्याच सवयीने चालला. तुझं नाव, दुकानाचा पत्ता लिहिला आणि तुझी सहीही मीच ठोकली. आता हरकत घेणाऱ्यांतच तुझं नाव आहे म्हटल्यावर तुझ्याकडे बोट कोण दाखवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिंप्याला एवढ्यात सांगू नकोस, चिडेल. त्याने शिवलेला ह्यांचा कोट अजून उत्तम आहे. पोट सुटलं, तो काही त्याचा दोष नाही.

जपून राहा. माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

सांगायची वेळच आली नाही. समितीच्या कचेरीच्या भिंतीवर हरकत घेणाऱ्यांची गल्लीवार यादी लागली आणि ती शिंप्याने वाचली. तो भांडला नाही. मशीनवर बसून दिवसभर एकच शिवण घालत आणि उसवत राहिला. मग विचारलं, सही तुझी का? मी नाही म्हटलं. मग कुणाची, म्हणाला. तुझं नाव मी घेतलं नाही. तेव्हापासून तो मला शेजारी म्हणतो. त्याची पेटी दाराशी भरून ठेवलीये.

औषधवाला घड्याळ घेऊन परत आला. आम्हाला उगाच शंका होती, असं म्हणत पाठ थोपटली. अजून चौघे आले. ताई, ते घड्याळं नेत होते तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती आता वाटते. आगीतून फुफाट्यात पडलोय. हरकत घेणाऱ्यांतल्या काहींना समितीने बोलावलंय. वीस तारखेला सकाळी अकराला माझं नाव पुकारतील आणि अख्खी गल्ली ऐकायला येणार आहे.

मी उभा राहून सांगणार, की हरकत माझी नाही. शिंपी माझा कोण आहे, तेही सांगणार. पण खोटी सही कुणाची, हे ते विचारतीलच. दाजींच्या नोकरीचं काय होईल ते मला कळतं. न सांगावं तर हा माणूस जातो. तुझा राग येतो आणि तुझीच काळजी वाटते. काय करू?

धाकटा


१७ मार्च

चि. धाकटा आणि चि. शिंपी,
दोघांना अनेक आशीर्वाद.

शिंप्या, सही माझी होती. धाकटा गप्प बसला तो मला वाचवायला. त्याचा राग माझ्यावर काढ, पण पेटी आत ने.

ह्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. जायचंच असेल तर परतीचं तिकीट काढू नकोस, एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काल सचिव एकटाच फाटकाशी उभा होता. आज तिघे आहेत, आणि त्यातला एक आपला पोस्टमन आहे. म्हणून हे पत्र मी स्वतः स्टेशनावरच्या पेटीत टाकतेय.

वीस तारखेला अकराच्या आधी पोचते. तोवर दोघांनी एकेकट्याने बाहेर पडू नका. सही कुणाची असं विचारलं, की मी उभी राहीन.

उत्तर पाठवू नका. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, ते आज मलाच ठाऊक नाही.

तुम्हा दोघांची,
ताई