दहिवडीचा रस्ता बघून येतो

धवल,

पहिल्या एसटीनं दहिवडीला चाललोय. तुझी ती रस्ते बांधणारी कंपनी तिकडं काम करते म्हणालास ना, ते डोळ्यानं बघतो. कंपनीच्या हातात कामं लय, शेअर वाढणारच, हे तू तावातावानं सांगितलंस. पण हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी सौद्यात कधी बोली लावली नाही. आणि हे तर दुकान विकून आलेले पैसे. काम खरंच चालू दिसलं, तर मीच फोन करून ‘शेअर घे’ म्हणीन. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

माझा मोबाईल शोधू नकोस. एरवी घरी विसरतो, आज मुद्दाम घेतलाय. काल मला न विचारता तू मागवलेला ओटीपी त्याच्यावरच आला होता.

तात्या