फांदीने गिळलेली तार

१० मे १९८९, बुधवार

परत! दिवेलागणीला वारा सुटला आणि बल्बने डोळे मिचकावायला सुरुवात केली. गेला, आला, गेला, अर्धाच आला. पंखा दम्याच्या म्हाताऱ्यासारखा. शुक्रवारी साप्ताहिकाला विनोदी लेख द्यायचाय. विनोदी!

संताप याचा नाही. संताप याचा, की समोर उत्तमचंद शेठच्या दुकानात दिवा ठणठणीत. वारा काय फक्त आमच्याच घराला लागतो?

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, परवा झाली. कोकिळा लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी आली आहे. तिचे सासरे रुपचंदराव एकवीस तारखेला पारोळ्याहून न्यायला येणार. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय. पोर दिवसभर त्याच्यावर. बोलत मात्र नाही.

११ मे

वारा. अंधार. शिव्या — माझ्या.

१३ मे

वीज ऑफिसात जाऊन आले. टेबलामागचे गृहस्थ पानाला चुना लावत म्हणाले, "वारा सुटला की होतंच, बाई." म्हटलं, "मग वाऱ्यालाच बिल पाठवा." हसले. "माणूस पाठवतो." कधी, ते विचारायचं नसतं.

घरी यांनी टेस्टर हातात घेतला. हे टेस्टर घेतात तेव्हा मी आधी मेणबत्ती शोधून ठेवते. सगळी बटणं उघडली, फ्यूजची तार बदलली, आणि "घरात दोष नाही" असा निकाल दिला. निकाल संपायच्या आत लाइट गेली!

कोकिळा हसली नाही. एरवी अशा वेळी हिचं हसू गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

१४ मे

गल्लीतल्या बाकीच्या पोरी सासरी गेल्या. झोक्यावर आता ही एकटी. दुपारी वाऱ्याचं नाव नाही, निंबाचं पान हलत नव्हतं — तरी पंखा अडखळत होता! आता बोला, ऑफिसवाले!

भाकरी थापताना सहज विचारलं, "कसं आहे गं तिकडे?"

"बरं आहे."

"आणि जावईबापू?"

"बरे आहेत."

आतून कडी लावल्यासारखं बोलते. मी तरी किती ठोठावू?

१६ मे

अखेर कौतिक वायरमन उगवला. शिडी लावली. खांब पाहिला, निंब पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं.

"आबा, ही गाठ कोनी मारी?"

खांबावरून घराकडे येणारी वायर लोंबायची, कुरडया वाळत घालताना माझ्या डोक्याला लागायची, म्हणून मागे यांनीच ती तारेने फांदीला आवळून बांधली होती. स्वतःच्या हाताने! आता साल वाढून तार आत गेली आहे.

"झाडनी तार गिळी टाकी, बाई!" कौतिकला हसू आवरेना.

म्हणजे प्रकार असा. वाऱ्याने फांदी हलते, फांदी वायर ओढते, खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटा होतो — दिवा जातो. फांदी मागे येते, जोड टेकतो — दिवा येतो. आणि झोकाही त्याच फांदीला. म्हणजे परवा दुपारी पंखा अडखळत होता तो कोकिळेच्या झोक्याने! ऑफिसला वाहिलेली लाखोली आता घरी परत आणावी लागणार.

कौतिकने जोड आवळला. म्हणाला, फांदी तोडा, नाहीतर चार दिवसांत परत ढिला. आणि सारख्या ठिणग्या पडत राहिल्या तर एक दिवस जोडच जळेल. हे कुऱ्हाड आणायला निघाले, तोच ओसरीवरून सासूबाई कडाडल्या, "पोर माहेरले शे, आन झोकानी फांदी तोडतस का कोनी?"

कौतिकने कान पकडले. "अक्काचं खरं. पोरगी सासरी गेली की सांगा, येतो."

यांना हायसं वाटलं. मला नाही.

१७ मे

तर आमचं नवं पंचांग — एकवीसला कोकिळा जाणार, बावीसला फांदी जाणार, मग उजेडच उजेड! अंगणातूनच शेठना ओरडून सांगितलं. शेठ पोट धरून हसले. म्हणाले, "बाई, व्याह्यांना तार करा, आजच या म्हणावं!"

कोकिळा झोक्यावरून उतरून आत गेली. ऊन लागलं असेल.

१९ मे

लाइट बऱ्यापैकी टिकून आहे. झोका रिकामा. सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. मधूनच एवढंच म्हणतात, "पोरले काय बोलनी तू?"

मी काय बोलले? गंमत केली!

२१ मे, रविवार

रुपचंदराव आले. जेवले, घोरले, चहा प्याले. गाडी सातची. कोकिळेने ट्रंक भरून दाराशी ठेवली होती.

संध्याकाळी धुळीचा वारा उठला. कोकिळा सासऱ्यांना पाणी द्यायला वाकली, त्यांनी तांब्या घ्यायला हात उचलला — आणि लाइट गेली. पापणी लवेपर्यंतच. आली तेव्हा तांब्या फरशीवर गडगडत होता, आणि माझी पोर दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली होती. डोळे गच्च मिटलेले.

रुपचंदरावांचा हात अजून तसाच वर. "घाबरट आहे फार," म्हणाले, आणि हसले.

तिला स्वयंपाकघरात नेलं. "कोण गं? जावई, की सासरे?"

"दोघं."

मग म्हणाली, "तुला उजेडाची घाई होती ना, आई."

बाहेर आले. "रुपचंदराव, निघा. गाडी चुकेल."

"आणि सूनबाई?"

"एकट्याचंच तिकीट काढा."

मग समाज निघाला, अब्रू निघाली, आमचं खानदान निघालं. हे उठले, व्याह्यांची पिशवी उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. परत आले आणि ट्रंक आत ओढली.

२२ मे

सकाळीच कौतिक कुऱ्हाड खांद्यावर टाकून हजर.

"तोडू ना, बाई?"

"नको."

"मंग कवय? कधी येऊ?"

म्हटलं, "पोर माहेरी आहे."