चहा दिल्याची नोंद

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं खरोखर जमिनीला टेकवली तर मला उठवायला दोन माणसं लागतील, तेव्हा पाच टेकवली असं समज. उरलेल्या तीन अंगांची सरकारी तपासणी चालू आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर सहा आठवडे काठी घेऊन चालायचं म्हणून तू फोनवर रडलीस, तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही, याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही. भाऊजींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेली चादर मिळाली, फारच उबदार आहे. माझी तब्येत उत्तम. सरकारच्या मते तर ती इतकी उत्तम आहे की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं आहे.

आमच्या भत्त्यात कपात करायचं घाटतं आहे हे तू वाचलंच असशील. अजून झालेली नाही, प्रस्तावित आहे. गेल्या वीस वर्षांत आम्हा अपंगांचं सरकारी नाव चार वेळा बदललं, दर वेळी आधीपेक्षा सुंदर झालं, आणि प्रत्येक नव्या नावाबरोबर नवा फॉर्म आला. या वेळी नाव तेच ठेवून थेट भत्त्यालाच हात घातला आहे. नवा नियम असा, की एखादं काम आम्हाला 'साधनाच्या अथवा युक्तीच्या साहाय्याने' करता येत असेल, तर ते काम येतं असंच धरायचं. म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षं डोकं लढवून जगायची सोय लावली ते बाद, आणि जो हातपाय गाळून पडून राहिला तो पात्र. (तोही पात्र ठरेलच असं नाही. पडून राहणं हेही एक कौशल्य आहे, असं कुणीतरी शोधून काढील.) कारण काय, तर म्हणे भत्त्यामुळे आम्ही आळशी होतो, कपात झाली की झटून कामाला लागू. ताई, मी सव्वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करते आहे. मालक साडेनऊला दुकानाचं कुलूप काढतात आणि दहाला मी टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून बसलेली असते. त्यासाठी साडेसहाला मावशी येतात, मला अंघोळ घालतात, पायांना कॅलिपर चढवून पट्टे आवळतात. नऊला गाडीवाला दारातून उचलून दुकानाच्या पायरीशी सोडतो. मावशी आणि गाडीवाला, दोघंही त्या भत्त्यावर येतात. भत्ता गेला की मी पलंगावर आणि नोकरी दुसऱ्या कुणाला. मला कामाला लावण्यासाठी माझं काम काढून घ्यायचं, अशी ही योजना आहे. ज्यानं ती सुचवली त्याचे पाय नक्की शाबूत असणार, डोक्याबद्दल मी काही बोलत नाही.

तर नियम पास व्हायच्या आधी 'नमुना तपासणी' करायचं ठरलं, म्हणजे नव्या नियमानं कोण कोण गळतं ते आधीच बघून ठेवायचं. आमच्या गल्लीत दोन घरांना पत्रं आली, मला आणि समोरच्या वकिलांना. (वकील म्हणजे वकील नव्हेत. त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि पस्तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात काढली. एकदा ऐकलेलं परिपत्रक ते कलमांसकट पाठ म्हणतात, म्हणून हे नाव पडलं.) पत्र आल्या दिवसापासून त्यांनी माझी शिकवणी सुरू केली. चांगल्या दिवसाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, वाईट दिवस सांगायचा, तोही सगळ्यात वाईट. ते तपासनीस झाले आणि मी अर्जदार. जिना चढता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कठड्याला धरून चढते की. त्यांनी पांढरी काठी फरशीवर आपटली आणि म्हणाले, "नापास." केस विंचरता का? रोज विंचरते, वेणीही घालते. पुन्हा काठी. तीन संध्याकाळी अशी परीक्षा झाली आणि तिन्ही संध्याकाळी मी नापास झाले. शाळेत माझा कधी दुसरा नंबरसुद्धा आला नव्हता.

यात दोष माझा अर्धाच आहे, बाकीचा अर्धा तुझा. मी सात वर्षांची होते, शेजारची बाई मला बघून 'बिचारी' म्हणाली आणि तू तिच्यासमोरून मला उचलून मागच्या पायरीवर नेऊन बसवलंस. तिथं माझ्याकडून शंभर वेळा 'मला जमतं' म्हणवून घेतलंस. मध्ये मी रडायला लागले तर पुन्हा एकपासून मोजायला लावलंस. (तू स्वतः तेव्हा अवघी बारा वर्षांची होतीस. तुला मास्तरीण व्हायला हवं होतं, तुझ्या वर्गातली मुलं मात्र फुकट मेली असती.) तेव्हापासून कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी 'जमतं' बाहेर पडतं आणि मग मी विचार करते. दातांच्या डॉक्टरनं दुखतंय का विचारलं तेव्हाही मी तेच म्हटलं होतं.

वकिलांनी बजावून ठेवलं होतं की घर अस्ताव्यस्त असू दे, भांडी घासू नको, त्या दिवशी केस विंचरू नको. मी हो हो म्हटलं. पण ताई, घरी माणूस यायचं! ते सरकारी का असेना. आदल्या दिवशी मावशींना जास्त वेळ थांबवून पडदे धुवून घेतले, फरशी पुसून घेतली, आणि बसल्या बसल्या मी सगळे पितळी डबे चकाचक केले. सकाळी ठेवणीतली साडी नेसले. मावशी म्हणाल्या, "तपासायला येताहेत की बघायला?" मी म्हटलं, गबाळ्या बाईला भत्ता द्यावा असं कुणाला वाटेल? या वयातही माझी अक्कल अशी मधूनच सुट्टीवर जाते.

तपासनीस म्हणजे अगदी तरुण मुलगी निघाली. हातात टॅब, पायात चिखलाचे बूट, आवाज बसलेला. बूट तिनं दारातच काढून ठेवले आणि तिथंच ती मला आवडली. मी मनात एखादी खवीस बाई रंगवून ठेवली होती, तिच्यापुढे मला पडून राहता आलं असतं, ही तर तुझ्या लेकीसारखी दिसत होती. सकाळपासूनचं तिचं हे सहावं घर होतं आणि पाचांपैकी एकाही घरी तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. (साहजिक आहे. त्या पाचांनाही कुणीतरी वकील भेटला असणार.) तिनं घोटभर पाणी मागितलं. आता तूच सांग, आपल्या घरात वाढलेली बाई घसा बसलेल्या पोरीला नुसतं पाणी देईल का? मी म्हटलं, बस, चहा टाकते.

माझी चहाची पद्धत तू पाहिलेली आहेस, तरी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून झालं. दोन्ही काखांत कुबड्या असल्या की कप कशात धरणार? म्हणून ओट्याला पोट टेकवून उभी राहते, म्हणजे हात मोकळे होतात. चहा थर्मासात ओतायचा, थर्मास गळ्यातल्या पिशवीत टाकायचा आणि कुबड्यांवर बाहेरच्या खोलीत यायचं. कप टेबलावर आधीपासूनच मांडलेले असतात. बावीस मिनिटं लागतात. त्या दिवशी थर्मास भरताना डाव्या कॅलिपरची खिटी सुटली, गुडघा एकदम वाकला आणि थोडा चहा उजव्या हातावर सांडला. वरवरचंच भाजलं. मी हूं की चूं केलं नाही, हातावर पदर ओढला, खिटी लावली आणि हसत बाहेर आले. गळ्यातून थर्मास निघालेला बघून ती पोर टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. ही युक्ती कुणी शिकवली, म्हणाली. मी म्हटलं, माझीच. तिनं दोन कप घेतले आणि दोन्ही कपांच्या मध्ये भराभरा काहीतरी टाइप केलं. खरं सांगते ताई, मला ते कौतुक आवडलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे बघून 'वा' म्हणालं होतं, आणि त्या नादात मी तिला ओली गादी उन्हात कशी ओढून नेते तेही सांगून टाकलं. मग कपडे वाळत घालायची काठी दाखवली, पडलेली वस्तू उचलायचा आकडा दाखवला. तिनं सगळ्याचे फोटो काढले. जाताना ती माझ्या पाया पडली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. अर्जदार स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गरम पेय स्वतः आणतात, शून्य गुण. अर्जदार घर नीटनेटके ठेवतात, शून्य गुण. अर्जदारांची बोटे सूक्ष्म कामात तरबेज आहेत, अर्जदार हसतमुख असून संभाषणात विनोद करतात, शून्य, शून्य. (विनोदाचा आणि पायांचा संबंध काय, ते मला अजून कळलेलं नाही.) शेवटी लिहिलं होतं की प्रस्तावित नियम लागू झाल्यास अर्जदार अपात्र ठरतील. चहा कसा झाला होता, ते मात्र कुठंच लिहिलं नाही. मी अहवाल घेऊन वकिलांकडे गेले, तर ते त्यांचा अहवाल मांडीवर घेऊन बसलेले. तो मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी घंटी वाजल्याबरोबर न चाचपडता दार उघडलं, म्हणून शून्य. (तीस वर्षं त्याच घरात राहतात. चाचपडायचं कशाला?) शिवाय मुलीनं नियमाचा क्रमांक चुकीचा सांगितला तेव्हा त्यांना राहवलं नाही, त्यांनी तो दुरुस्त केला. 'स्मरणशक्ती असामान्य' अशी नोंद झाली. आम्ही दोघं इतके हसलो की त्यांना ठसका लागला.

कचेरीत हरकती घ्यायला एक खिडकी उघडली आहे. गाडीवाल्यानं मला तिथं नेलं. खिडकी उभ्या माणसाच्या छातीशी येईल अशी आहे, चाकाच्या खुर्चीवरून आलेल्यांना कारकून दिसतच नाही, त्याच्या डोक्यावरचं छत तेवढं दिसतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुमची हरकत तुम्ही सांगून उपयोग नाही, तुम्ही तर सगळं करता असं इथं लिहिलंय. ज्यानं तुम्हाला घरात जवळून पाहिलंय अशा नातेवाइकानं लिहून द्यावं लागेल, तुम्हाला काय काय करता येत नाही ते. आणि त्यानं एक निळा फॉर्म खाली सोडला. हरकतींची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मी घरी आले आणि तो फॉर्म फाडून टाकला. मला काय येत नाही याची यादी दुसऱ्याकडून करून घेऊन, वर तिच्यावर सहीशिक्का मारून सरकारदरबारी सादर करायची? एवढी काही माझी लाज गेलेली नाही. मावशी बंद झाल्या तर होतील, गाडी बंद झाली तर होईल. मी पूर्वीही कुणाच्या दारात उभी राहिले नाही आणि यापुढेही राहणार नाही. तू काळजी करू नकोस. मला जमतं.

गुडघ्याला जप. जिना उतरताना कठडा सोडू नकोस.

तुझी,
सरकारमान्य धडधाकट धाकटी बहीण

ता. क. – अक्षर वाकडं आलंय म्हणून रागावू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे. वरवरचं भाजलं असं वर लिहिलं ते खोटं. अंगठा आणि दोन बोटं अजून बांधलेली आहेत. चोवीस दिवस चिमटा धरलेला नाही. मालक काही बोलत नाहीत, माझ्या वाटची घड्याळं खणात ठेवून देतात. खण भरत आला.

ता. क. २ – फॉर्म फाडला हेही खोटं. घडी घालून सोबत ठेवला आहे, पाकीट नीट उघड. गेल्या वर्षी तू न कळवता दोन दिवस आधी आलीस तो रविवार लिही. मावशींची सुट्टी होती. मी न्हाणीघरात सकाळी पडले आणि तू दुपारी दार फोडायला लावेपर्यंत तिथंच होते. हे भाऊजींनाही सांगायचं नाही, म्हणून मी तुला माझी शपथ घातली होती. ती सुटली असं समज. किती वाजता पडले, किती वाजता सापडले, अंगावर काय होतं आणि काय नव्हतं, सगळं लिही. तू मला कसं धुतलंस तेही लिही.

ता. क. ३ – शेवटच्या पानावर 'अर्जदारास हे एकटीने जमते काय?' असं नऊ वेळा विचारलं आहे. नऊही ठिकाणी 'नाही' लिही. मी तीन वेळा पेन घेऊन बसले होते आणि तिन्ही वेळा उठले. मागच्या पायरीवर तू घोकून घेतलंस, आता तूच खोड. भरलेला फॉर्म परस्पर कचेरीत पाठव, माझ्याकडे आधी वाचायला पाठवू नकोस. ते वाचणं मला जमायचं नाही.