मेंढरं विकून नोकरी घेऊ नये

मी, श्रीमती गजराबाई रामकिसन बंडगर, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव (माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं, त्याला इलाज नाही), वय आधार कार्डाप्रमाणे पंचाहत्तर, धंदा मेंढपाळ, या लेखाने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कान तर त्याहून शाबूत आहेत. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. उलट दोन-चार जणांना दडपणाखाली आणण्यासाठी करत आहे. आधार कार्डावर माझी जन्मतारीख एक जानेवारी आहे. आमच्या गल्लीतली सगळीच म्हातारी माणसं त्या दिवशी जन्मली आहेत, तेव्हा त्यावरून कोणी कोर्टात वाद घालू नये.

मजकूर मी सांगितला, तुळजापूरचे वकील उमाशंकर यांनी लिहून घेतला. ते म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात." मी म्हणाले, "मग फी कशाची घेताय?" तेव्हापासून ते मुकाट लिहीत आहेत.

हे करण्याचं कारण आधी सांगते. दिवाळीनंतर मला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी डोळे मिटून पडले होते, म्हणून सगळ्यांना वाटलं की झोपले. माझा मुलगा वैजनाथ, जो पतसंस्थेत कारकून आहे, खाटेशेजारी बसला होता. तिथं बलभीम आला. हा बलभीम पैसे घेऊन लोकांना नोकऱ्या लावून देतो. माझा नातू सुरज याच्यासाठी त्यानं एका शाळेतली शिपायाची जागा आणली होती. वैजनाथ त्याला म्हणाला, "मेंढरं आन् रस्त्याकडंचा पलाट इकला की जमतंय. पर आई हाय तवर न्हाय जमायचं." त्यावर बलभीमनं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "घाई न्हाय. जागा राखून ठिवतो की."

डॉक्टर म्हणतात, मला सलाइननं बरं वाटलं. मी रागानं उठून बसले, हे खरं कारण आहे. माझ्या मरणाची वाट बघत एक शाळा बिनशिपायाची राहिली आहे, हे मला सहन होणार नाही. म्हणून माझ्या पश्चात माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहत्या घरातली ओसरीलगतची खोली सुरजला द्यावी, आणि तिला आतून नवी कडी बसवून द्यावी. सुरज पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. आधी तो पुण्यातच होता. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्याला काढलं, आणि पुन्हा करारावर घेतलं. काम तेच, साहेब तोच, खुर्ची आणि लाईटबिल मात्र आमचं. ढोकीहून एक पाहुणे त्याला मुलगी द्यायची म्हणून बघायला आले होते. सुरजच्या अंगावर वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ चड्डी, कानाला यंत्र, आणि तो भिंतीकडं तोंड करून इंग्रजीत बोलत होता. पाहुणे हळूच माझ्या कानाशी आले. "आजी, एकटंच बडबडतंय. लई दिस झालं का हे?" मी सांगितलं, "नोकरी लागल्यापसनं हाय." स्थळ मोडलं, आणि तेव्हापासून वैजनाथच्या डोक्यात 'पर्मनंट' हा शब्द जाऊन बसला आहे.

सुरजला शिपाई व्हायचं नाही. पण बापापुढं तोंड उघडायची त्याला सवय नाही, सगळं बोलणं तो त्या यंत्रातच बोलून संपवतो. म्हणून मी लिहून ठेवते की सदर खोलीची कडी लागलेली असताना त्याला कोणीही दळण आणायला, सिलिंडर उचलायला किंवा आलेल्या मावशीच्या पाया पडायला हाक मारू नये. मुलगा घरात आहे म्हणजे रिकामा आहे, असा अर्थ होत नाही. हे कलम मोडणाऱ्यास माझ्या तेराव्याचं जेवण वाढू नये.

कलम २. माझी सर्व मेंढरं, शेळ्या, रात्री त्यांना कोंडायच्या जाळ्या आणि त्यांच्यापासून पुढं होणारी कोकरं माझी नात हर्षाली हिची. कुत्रा कोणाला लिहून देता येत नाही, तो ज्याच्यामागं जाईल त्याचा.

हर्षाली पोलीस भरतीला पळून पळून दमली, मग माझ्याबरोबर मेंढरांमागं चालायला लागली. लोक हसले. आमचा धंदा सोपा आहे. शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात मेंढरं रात्रभर बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, धान्य नाहीतर पैसे आम्हाला, सकाळी पुढच्या रानात. पूर्वी आम्ही दारोदार विचारत जायचो. आता खताच्या गोणीचे भाव ऐकून द्राक्षवाले फोन करतात, आणि ही पोरगी मोबाइलवर त्यांना तारखा देते. परवा एका बागायतदाराला म्हणाली, "काका, पुढल्या पंधरवड्यात बघू. सध्या मेंढरं बिझी हायेत." मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सुरज मला म्हणाला होता, "आजी, आता कुठंच कायम काही न्हाय. आज हे काम, उद्या दुसरं." त्याचा चेहरा इतका पडला होता की मला हसू आलं. मी म्हणाले, "बाळा, आमचं कवा कायम हुतं? रोज रान नवं, मालक नवा. पर मेंढरं आपली हुती." तेवढं मात्र खरं आहे. म्हणून मेंढरं विकून नोकरी घेऊ नये, हा या मृत्युपत्राचा गाभा समजावा.

कलम ३. बलभीम यास माझ्या म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यातली पितळी घंटा द्यावी. त्यानं ती स्वतःच्या गळ्यात बांधून फिरावं, म्हणजे तो गल्लीत शिरला की लोकांना दारं लावून घ्यायला वेळ मिळेल. आमचा शेजारी मल्लेश याच बलभीमच्या शब्दावर वडिलांचं रान विकून एका शाळेत लागला. अनुदान येणार, येणार म्हणून तो अजून बिनपगारी तास वाजवतो आणि उरलेल्या वेळात पिकअप चालवून पोट भरतो. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. सहीला यायला त्याला रजा लगेच मिळाली.

कलम ४. माझी काठी माझी जाऊ दगडाबाई हिला. ती आयुष्यभर दुसऱ्यांचीच मेंढरं हाकत आली, निदान काठी तरी स्वतःची असावी. माझी पितळी घागर तिच्याकडंच आहे. ती तिनं ठेवून घ्यावी, पण घागर माझी होती हे चारचौघांत एकदा म्हणावं.

कलम ५. काळी घोंगडी वैजनाथला. सोनारीच्या शिवारात मेंढरं बसवली होती तेव्हा तो बाभळीखाली जन्मला आणि मी त्याला याच घोंगडीत गुंडाळलं. नोकरी लागल्यावर त्यानं साहेबांना सांगितलं, "आमचे वडील पशुपालन क्षेत्रात आहेत." ते ऐकून त्याचे वडील दोन दिवस मेंढरांना 'क्षेत्र, चला' म्हणत होते. आम्ही हसलो, पण मला वाईट वाटलं होतं. तरी वैजनाथ, तू माझा जीव आहेस. घोंगडी धुऊ नकोस, वास जाईल.

कलम ६. महामार्गाकडेचा प्लॉट. हे कलम जरा अवघड आहे. वैजनाथच्या टेबलावर कागद आला की तो 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असं लिहून सही करतो. चष्म्याशिवाय त्याला एसटीची पाटी वाचता येत नाही, आणि चष्मा कायम खिशात. या सवयीमुळं त्याची नोकरी कधी अडली नाही. पण बलभीमच्या कागदावरही तो अशीच सही करील आणि माझी दोन्ही नातवंडं उघड्यावर येतील, याची मला भीती वाटते. म्हणून वकिलांना सांगून मी या कागदाच्या शेवटी वैजनाथचाही शेरा घेणार आहे. त्यानं हे कलम वाचलं आणि माझ्याशी भांडला, तर प्लॉट त्याचा. त्यानं तो खुशाल बलभीमच्या घशात घालावा, माझं भूत आडवं येणार नाही. न वाचता सही केली, तर प्लॉट सुरज आणि हर्षालीचा, निम्मा निम्मा.

कलम ७. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर कोणी घाबरू नये. आधी बलभीम जवळपास आहे का ते बघावं. नसेल तर वैजनाथनं मोठ्यानं म्हणावं, "आई, मेंढरं इकणार न्हाय." मग बघा कसा येतो ते.

हे सर्व मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे, आणि माझी सही मी स्वतः, हात न थरथरता केली आहे.

ठिकाण: तुळजापूर
दिनांक: ९ जून २०२५

(सही) गजराबाई रामकिसन बंडगर

साक्षीदार:
१. (सही) मल्लेश, शाळेचा शिपाई, बिनपगारी, जळकोट
२. (सही) बसवेश, द्राक्ष बागायतदार. माझ्या रानाची तारीख अजून मिळालेली नाही.

मुलाचा शेरा:
वाचून पाहिले. बरोबर आहे.
(सही) वैजनाथ रामकिसन बंडगर

वकिलांची नोंद: वरील शेरा माझ्यासमक्ष, उभ्या उभ्या लिहिण्यात आला. शेरा लिहिताना चष्मा खिशात होता.
(सही) उमाशंकर, वकील