गोळीच्या मशीनखालच्या कपच्या

आई,

गोळीचं मशीन द्यावं की ठेवावं, असा प्रश्न घरात निघाला होता. लोणंदच्या एका व्यापाऱ्याला ते हवं होतं आणि त्याच्या बदल्यात तो नव्या जमान्यातलं देतो म्हणत होता, पडद्याचं, बोलणारं. तुला विचारायची सोय नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी भाकरी थापण्याचा आवाज आठवावा लागतो, मग त्याच्या मागून तू येतेस. मशीन माझ्या हॉलमध्ये असलं तरी मनात ते तुझ्याच नावावर आहे, म्हणून कागद घेऊन बसले. प्रश्न निघायचं कारण माझा डावा हात. अंगठ्याशेजारचं बोट आखडायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, या बोटाला काम कमी द्या. कसलं काम करता, असंही त्यांनी विचारलं. या वयाची बाई डाव्या बोटाने गोळ्या उडवते, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, घरकाम.

तुझ्या मशीनचं बटण कडक आहे हे तुला माहीतच आहे. नव्याचं नुसतं बोट टेकलं तरी चालतं. ह्यांनी सरळ सांगितलं, "तुझं मशीन, तुझ्या आईचं मशीन, तूच ठरव, मला विचारू नकोस." लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसं शहाणी होतात ती अशी.

बाबांनी ते आणलं तो दिवस मला अर्धवट आठवतो. फौजेतून निवृत्त होऊन ते आले आणि त्यांच्यामागून ट्रकमध्ये हे आलं. कुठल्याशा मेसचं जुनं सामान लिलावात निघालं होतं, बाकीच्यांनी कपाटं घेतली, खुर्च्या घेतल्या, बाबांनी हे घेतलं. चार पायांचं उतरतं टेबल, वर काच, काचेखाली पोलादी गोळी, खाली गोळी परत वर मारायला दोन पट्ट्या, एक डाव्या बटणावर चालणारी, एक उजव्या. पिनबॉल हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला, तोवर ते गोळीचं मशीनच होतं. कुंडलला, उसातल्या आपल्या घरात, ते ठेवणार कुठे? म्हणून ते कुपवाडला, तुझ्या खानावळीत आलं. तू बघून एवढंच म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. भाकरी हुईस्तवर माणसं बोंबलत्यात, ती तरी गप बसतील." आणि खरंच गप बसली. पाळी सुटली की कारखान्यांतली माणसं सायकली भिंतीला टेकवायची, हात धुवायची आणि ताट येईपर्यंत मशीनभोवती उभी राहायची.

तू कधी खेळायला लागलीस, ते मला ठाऊक नाही. माझ्या आठवणीत तू खेळतेसच. तव्यावर भाकरी टाकलीस की तू दोन पावलांत दारापाशी, मशीनकडे येतेस. उजवा हात पिठाने भरलेला, तो खांद्याच्या उंचीवर धरलेला, कशालाही न लावता. डाव्या हाताने उजवीकडचा गोळी सोडायचा दट्ट्या ओढतेस, सोडतेस, आणि तोच हात झटकन डाव्या बटणावर. एका भाकरीला एक गोळी. गोळी लवकर पडली तर भाकरी नीट फुगायची, गोळी टिकली तर करपायची. ताटात काळी भाकरी आली की लोक समजायचे, मावशीचं आज चांगलं चाललंय. कुणी कुरकुर केली नाही. एक मोटारी भरणारा, म्हणजे पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करणारा, तुझं कायमचं गिऱ्हाईक होता. तो तर करपलेली भाकरी वर धरून सगळ्यांना दाखवायचा, "बगा, मावशी जिंकल्या!" मशीनची कॉइल जळली की तोच भरून द्यायचा, पंपाच्या तारेने.

बाबा शनिवारी कुंडलहून यायचे. त्यांना तुझं ते एका हाताने खेळणं सोसायचं नाही. "दोनी हातांनी खेळायचं असतंय त्ये," ते म्हणायचे. तू वळूनही न बघता म्हणायचीस, "आवं, दुसरा हात मला कुठं मोकळा हाय?" हात धुवून खेळ म्हणावं तर पुढच्या भाकरीला परत पीठ, परत पाणी, रांग दारापर्यंत. एकदा मी जेवता जेवता उठून उजव्या हाताने बटण दाबलं होतं, खरकट्या हाताने. तू चुलीपासून उठून आलीस आणि माझ्या मनगटावर उलथनं मारलंस. जोरात नाही, पण गरम होतं. "त्यो हात अन्नाचा हाय. मशीनला डावा." तेवढंच. मी फार रडले आणि तू मला गुळाचा खडा दिलास, तोही उजव्या हातात. त्यानंतर अगदी आत्ताआत्तापर्यंत मी उजवं बटण दाबलेलं नव्हतं.

पाठीमागच्या उभ्या काचेवर सर्कशीचं चित्र आहे. गोळी जिथे लागेल तसे चित्राच्या मागचे दिवे लागतात: विदूषक, हत्ती, वाघाची कडी. झोक्यावरची बाई मात्र कधीच उजळली नाही. मोटारी भरणाऱ्याने दोनदा बल्ब बदलला, बाबांनी तारा तपासल्या. बल्ब चांगला, तारा चांगल्या, बाई अंधारात. शेवटी तू म्हणालीस, "आसू द्या. झोपलीया ती. दिसभर झोका घिऊन दमली आसंल." मग खानावळीत ते सगळ्यांनी धरलं. कुणी पहाटेच्या पाळीला जांभया देत आला की म्हणायचे, आली झोक्यावरची बाई.

आणि मग कपच्या. मशीनच्या उजव्या दोन्ही पायांखाली शहाबादी फरशीच्या दोन-दोन कपच्या होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी एका शनिवारी त्या पाहिल्या आणि वाकून विचारलं, "ह्ये कशाला?" तू म्हणालीस, "मशीन कलतंय." बाबा म्हणाले, "ट्रकात आपटलं आसंल. कंबर मोडली त्याची." तू म्हणालीस, "आसंल." झालं. मशीनची कंबर मोडलेली आहे ही आमच्या घरातली माहिती झाली, जशी तुझी जन्मतारीख नक्की ठाऊक नाही ही एक माहिती. तू गेलीस, खानावळ बंद झाली, मशीन माझ्याकडे साताऱ्याला आलं, तेव्हा हमालांनी मशीन आणलं आणि मी मांडीवर कपच्या आणल्या. साताऱ्याच्या हॉलची फरशी काचेसारखी सपाट, तरी मी त्या उजव्या पायांखाली ठेवल्या. मोडक्या कंबरेचं माणूस कुठेही नेलं तरी पट्टा लागतोच.

तर लोणंद. कांद्याच्या बाजारामागे त्या व्यापाऱ्याचं गोदाम आहे. हायवेवरच्या हॉटेलांना, फार्महाऊसवाल्यांना तो जुन्या वस्तू पुरवतो. नवं मशीन त्याने लावूनच ठेवलं होतं. इंग्रजीतून काहीतरी ओरडत होतं. मी पुढे झाले आणि खेळायला लागले. गोळी आली, गेली. दुसरी आली, गेली. डावीकडे यायचं नावच घेईना, उजवीकडून सरळ खाली. व्यापारी बराच वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला, "म्याडम, त्यो हात दुखतोय का?" मी बघितलं तर माझा उजवा हात खांद्याच्या उंचीवर होता, कशालाही न लावलेला. ना पीठ, ना चूल, आणि मी शिक्षणखात्यातून निवृत्त झालेली बाई लोणंदच्या गोदामात एक हात वर करून उभी. मी म्हटलं, "सवय." तो म्हणाला, "दोनी बटणं वापरा की. त्यासाठीच दिल्यात." मी उजवा हात बटणावर ठेवला. मनगटावर काहीतरी गरम लागल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण मग गोळी टिकायला लागली. पुढच्या डावाला आणखी टिकली. मला मजा आली. परत येताना एसटीत मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की बदलायचं.

चार दिवसांनी तो आपलं मशीन बघायला आला. वाकला, कपच्या बघितल्या आणि विचारलं, "ह्ये कुणी ठेवलं?" मी ट्रकची, कंबरेची सगळी हकीगत सांगितली. त्याने पिशवीतून गवंडी वापरतात ती पाणसळ काढली, कपच्या काढून घेतल्या, काचेवर पाणसळ आडवी धरली, एकदा वरच्या टोकाला, एकदा खालच्या. बुडबुडा बरोबर मध्ये. "कंबर कुठं मोडलीया? सरळ हाय की तुमचं. ह्या कपच्यांनीच त्ये डावीकडं कलत हुतं." त्याला आनंद झाला, कारण मोडकं म्हणून मिळणारं मशीन धड निघालं होतं. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

मी कपच्या उचलून टेबलावर ठेवल्या. मग मला खानावळीच्या मोरीची शहाबादी फरशी आठवली. मशीन आलं त्याच महिन्यात गवंडी ती बसवून गेला, त्या दुपारी खानावळ रिकामी होती आणि तू मशीनपाशी गुडघ्यावर बसली होतीस. मी विचारलं, आई, काय करतेस? तू म्हणालीस, "केर काढतीया." तुझ्या हातात केरसुणी नव्हती. तोवर तू रोज हरत होतीस, त्या आठवड्यापासून काळ्या भाकऱ्या सुरू झाल्या. गोळी डावीकडे यायला लागली, तुझ्या मोकळ्या हाताकडे. आणि मशीन तसं झाल्यावर उजवं बटण कुणाच्याच कामाचं उरलं नाही. सगळं कुपवाड डाव्या हाताने खेळायला लागलं, उजवा खिशात घालून. नवीन येणारा जुन्याचं बघून शिकायचा. कुणाला पत्ता लागला नाही. तू खोटं बोललीस असंही म्हणता येत नाही, तू फक्त 'आसंल' म्हणालीस. मी एकटीच मोठ्याने हसले. आणि मग मला तुझा राग आला, हेही लिहिते. एवढा डाव मांडलास आणि पोटच्या पोरीलाही सांगितलं नाहीस.

दुपारी मी सपाट मशीनवर खेळायला उभी राहिले. दोन्ही हातांनी. डाव्या पट्टीने मारलेली गोळी उजवीकडे वर जाते आणि उजव्या पट्टीने मारलेली डावीकडे वर, हे इतकं साधं आहे, पण मी कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या कोपऱ्यात वर एक अरुंद बोळ आहे. तुझ्या बाजूचा, तुझ्या अगदी डोळ्यांसमोरचा. त्यात गोळी खालूनच शिरायला हवी आणि तिथे पोचवू शकते ती फक्त उजवी पट्टी. कितव्या गोळीला ते मोजलं नाही, पण एक गोळी उजवीकडून सुटली, बोळात घुसली, आणि काचेवरची झोक्यावरची बाई उजळली. पिवळा उजेड. तिचा झगा निळा आहे, आई. आपण तो काळा समजत होतो. तिचे दोन्ही हात झोक्यावरून सुटलेले आहेत. मी बटणं सोडून बघत राहिले आणि गोळी खाली पडून गेली. मला तू हवी होतीस. त्या क्षणी जितकी हवी होतीस तितकी तू गेलीस त्या वर्षीही नव्हतीस.

व्यापाऱ्याला मी फोन करून नाही म्हटलं. तो बिचारा नाराज झाला. "म्याडम, नव्यात काय कमी दिसली?" मी म्हटलं, नव्यात काही कमी नाही, जुन्याचीच एक बाजू खेळायची राहिली आहे. त्याला ते कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. बोटाचं दुखणं आहे तसंच आहे, पण आता काम दोन हातांत वाटलं जातं.

हा कागद मशीनच्या खालच्या कप्प्यात, जादा बल्बांशेजारी ठेवून देईन. घरी येणाऱ्यांना मी सांगते, आईची आठवण म्हणून ठेवलंय, आणि लोक मान हलवतात. पण तुला ते सांगता येणार नाही. तुझं मशीन डावीकडे कलायचं. ते आता कुठेच नाही. नवं घेतलं असतं तरी गेलं असतं, आणि जुनं ठेवूनही गेलं. व्यापाऱ्याने काढलेल्या कपच्या दोन दिवस टेबलावर पडून होत्या. नंतर मी त्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीखाली घातल्या, पाणी नीट वाहून जावं म्हणून. परत मशीनखाली ठेवल्या नाहीत.