क्लॅरिनेटची ती धून

सोमवार, १३ ऑगस्ट १९७९

आज फार वाईट वागलो. आणि वागताना मजा आली, तेच टोचतंय.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा दिगंबर बोलताना अडखळतो. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, लग्न ठरलेल्या मुलीला कुठला पिक्चर दाखवू? मी एकाचं नाव सांगितलं. म्हटलं, "वेडगळ विनोदी आहे, आणि संगीत तर डोक्यातून जात नाही." त्यात एक तोतरा नवरदेव आहे. तो अडखळला की क्लॅरिनेट वाजते आणि सगळं थिएटर खदखदतं. हे सांगितलं नाही. मुद्दामच.

काल ती मुलगी सिन्नरहून भावाला घेऊन आली, तिघांनी तो पिक्चर पाहिला. आज मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय दिगंबर, कसा वाटला?" तो "ब... ब..." करत थांबला आणि मी तोंडाने ती क्लॅरिनेट वाजवली. अख्खी कचेरी हसली. तोही हसला. तो का हसला? मग दिवसभर त्याने तोंड उघडायचा अवकाश, कोणी ना कोणी तीच धून वाजवत होतं.

सुटल्यावर सायकली काढताना तो म्हणाला, "मध्यंतरानंतर तिचा भाऊपण त-तसंच वाजवत होता. ती खाली बघून बसली. त-तुला नाव सांगताना आठवलं होतं का रे, त्यात असं आहे?"

"छे! मी आपला गाण्यांवर खूश होतो."

"वाटलंच मला." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तू त-तसा नाहीस."